तीस मिली

आशेवाडी फाट्याच्या अलीकडे
मागचं चाक सुस्कारलं.
मी थांबले नाही.
ट्यूबलेसला थांबायचं नसतं.
काटा शिरला तर चाक फिरतं ठेवायचं,
आतलं पांढरं दूध भोकाशी धावतं,
दोन-चार फेऱ्यांत साय धरतं
आणि आपण गिअर बदलतो,
काही झालंच नाही अशा तोऱ्यात.
दिवसभर रक्ताच्या पिशव्यांवर
गट आणि तारीख चिकटवणाऱ्या बाईला
गोठणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पण ते सुस्कारत राहिलं.
मग पेठ रोडच्या कडेला उतरले.
समोर रामशेज, अजून नुसताच काळा,
गुजरातकडे निघालेले ट्रक अंगावर धूळ टाकत.
बोटं फिरवली तशी तार टोचली:
कुठल्याशा ट्रकच्या फुटल्या टायरातली,
पापणीच्या केसाएवढी.
उपटली.
चाक काढून कानाशी हलवलं,
नारळ घेताना हलवतात तसं.
आत काहीच डुचमळेना.

जानेवारीत भरलं होतं तीस मिली,
व्हॉल्वचा कोअर काढून, सिरिंजनं, एक थेंब न सांडता.
मग फेब्रुवारी. मार्च.
एप्रिलचे हे दिवस, जिन्यातला पत्रा तापलेला,
आणि दूध आतल्या आत सुकत गेलं असणार,
न झालेल्या जखमेवर
खपली धरत.

नौशादचं दुकान म्हणजे दोन बांबू, एक ताडपत्री,
पाण्याचं अर्धं कापलेलं पिंप.
"ट्यूबच नाही? मग बुडवू काय, ताई?"
मी म्हटलं, भोक माहितीये.
त्यानं तरी बोटावर थुंकी घेतली, भोकावर लावली.
बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.
"जित्तं आहे," म्हणाला.

त्याच्याकडची दोरी मोटारीची,
गांडुळाएवढी जाड, डिंकानं चिकट.
माझ्या टायरला ती फाडूनच टाकली असती.
त्यानं ती उजेडात धरली, माझ्याकडे नाही बघितलं,
ब्लेडनं उभी चिरली, शेवग्याची शेंग चिरावी तशी,
आणि अर्धी सुईत ओवून
दाबली.
हात थरथरला नाही.
सिव्हिलला नस सापडवणाऱ्या आमच्या मुलींतही
असा हात दोघींचाच.

"हवा किती?"
"सत्तर."
"एवढ्याशा चाकात? मोटारीच्या दुप्पट?"
भरली. पुन्हा थुंकी. बुडबुडा नाही.
"वीस द्या. दोरी अर्धीच लागली."
उरलेली अर्धी कागदात गुंडाळून
डब्यात परत.

परतताना हळू चालवली.
दोन्हीकडे खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागा,
प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब.
तिथं कुणी काही दाबत नव्हतं. वाहू देत होते.

गांगुर्ड्यांचा निनाद, वय नऊ,
दर मंगळवारी आणि शुक्रवारी वरच्या मजल्यावर येतो फॅक्टर घ्यायला.
त्याचं रक्त आपणहून साय धरत नाही.
गुडघा आपटला तर आत सूज भरत जाते,
बाहेर काहीच दिसत नाही.
खाली पिशव्यांशी माझं काम,
पण त्याला पेढीचा फ्रिज बघायला आवडतो.
त्याला मी सायकलचं सांगितलं होतं, फार ऐटीत:
माझ्या चाकात दूध आहे, भोक पडलं की बुजतं.
तो हसलाच नाही. विचार करून म्हणाला,
"किती दिवस पुरतं?"
तीन महिने.
"बापरे. मला तीनच दिवस."
आणि मग, मोठ्या माणसासारखा:
"तारीख लिहून ठेव, मावशी. मी ठेवतो."

आल्याबरोबर बाटली हलवली, कोअर काढला,
तीस मिली.
चाक उचलून दोन्ही अंगांनी फिरवलं,
बाळाला झोपवताना कूस बदलतात तसं.
प्लगचं टोक कापायचं राहिलंय, रस्त्यावर टक् टक् वाजतं.
वाजू दे.

परवा मंगळवार.
तो येईल, फ्रिजच्या काचेला नाक लावील
आणि विचारील: भरलंस का दूध?

मागच्या दोन्ही वेळेला
मी हो म्हटलं होतं.